दात्यांत बसलेला इंच

भिवंडीतल्या कामतघरच्या यंत्रमागांवरचं कापड मीटरने विकलं जातं, पण ते विणणारा साधा माग इंचाने चालतो. त्याची रुंदी इंचांत आणि बाण्याचे आडवे धागे, म्हणजे पीक, तेही इंचामागे मोजायचे. चाळीस नंबरचं सुती सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी, म्हणजेच ३३,६०० यार्ड धागा. त्याच शेडमध्ये पॉलिएस्टर आलं की हिशेब बदलतो : ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितकं त्याचं डेनिअर. मेट्रिक मापांचा कायदा देशात १९५६ साली झाला, २००९ साली वैधमापन कायदा आला, तरी इंच हटला नाही. याचं खापर लोकांच्या सवयीवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. मागावरचा इंच माणसांच्या सवयीत आहे तसा लोखंडातही आहे, आणि लोखंडातला इंच कायद्याने निघत नाही.

साध्या मागाचा आराखडा लँकेशरमधून आला. विणलेलं कापड पुढे ओढून घेणारी सात चक्रांची रचना, म्हणजे टेक-अप, पाहा. तिच्यात ३६ दात्यांचं स्टँडर्ड व्हील बसवलं, की चेंज व्हीलचा एक दाता म्हणजे इंचाला एक पीक. ५२ पिकांचं कापड हवं? ५२ दात्यांचं चक्र चढवा. गुणाकार नाही, भागाकार नाही. हेच कापड सेंटिमीटरमध्ये सांगायचं, तर २०.४७ पीक होतात, आणि पाऊण-अर्धा दाता कोणत्याच चक्राला पाडता येत नाही. इंच धरून बसणाऱ्या कारागिराला म्हणूनच मागासलेला म्हणू नये. त्याच्या हातातलं यंत्रच त्या मापात बोलतं.

मग दोन्ही मापं चालू द्यावीत, मिस्त्रींना सगळं तोंडपाठ असतं, असं कुणी म्हणेल. एकाच मापाचं यंत्र असेपर्यंत ते खरंही आहे. अडचण दोन मापं एकाच शेडमध्ये आली की सुरू होते. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर नजरेला फरक कळत नाही. जाडीत जेमतेम सहा शतांश मिलिमीटरचं अंतर. पण पहिल्याला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.४१ मिलिमीटर, दुसऱ्याला १.२५. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा फिरतो, मग अडतो. पान्याने जोर लावला की आटे कापले जातात. समोरासमोरच्या बाजूंत अर्धा इंच असलेल्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना लावला, तर ०.३ मिलिमीटरची सैल जागा राहते आणि नटाचे कोपरे झिजून गोल होतात. नुकसान होतं ते मापांच्या सरमिसळीने. म्हणून जुन्या मागाला इंची आणि नव्याला मिलिमीटरचेच बोल्ट, दोन्हींचे डबे वेगळे, हा नियम हवा.

राहिला आक्षेप कायद्याचा : सगळं आजच मेट्रिक का करू नये? जुन्या मागाची चक्रं बदलण्याचा खर्च करून कापड तेच निघणार. इलेक्ट्रॉनिक टेक-अपच्या मागावर मात्र दात्यांचं बंधन उरत नाही, तिथे सेंटिमीटर जरूर यावा. फक्त तिथे कुणी २०.४७ चे सरळ २० केले, तर मीटरमागे ४७ पीक कमी पडतात आणि घेणाऱ्याला विरळ कापड मिळतं. मजुरीतही हीच काळजी हवी. इचलकरंजीत ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर मजुरीच्या वाटाघाटी होत आल्या आहेत. म्हणजे एकाच दरात इंचही आहे आणि मीटरही. त्या एका मीटरसाठी बाण्याचा धागा २,०४७ वेळा टाकावा लागतो. हा आकडा दराशेजारी कारागिराच्या चिठ्ठीवर लिहिलेला असावा.