श्रांतिहानी, तंतुप्रबलित संमिश्र द्रव्यांतील

काच वा कार्बन यांचे तंतू एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिनाच्या आधारद्रव्यात बसवून तंतुप्रबलित संमिश्र द्रव्ये तयार करतात. एका वेळी मोडण्यास अपुरा असणारा भार वारंवार पडल्याने त्यांच्या अंतर्रचनेत हळूहळू साचणाऱ्या बिघाडास श्रांतिहानी म्हणतात.

धातूत श्रांतीमुळे बहुधा एकच प्रमुख भेग वाढत जाऊन भाग तुटतो. संमिश्र द्रव्यात मात्र हानी अनेक ठिकाणी विखुरलेली असते. ज्या थरांतील तंतू भाराच्या दिशेस आडवे असतात, त्यांच्या आधारद्रव्यात प्रथम सूक्ष्म भेगा पडतात. पुढे भेगांच्या टोकांशी व कडांशी थर एकमेकांपासून सुटू लागतात. यास स्तरविलगन म्हणतात. अखेरीस भार वाहणारे तंतू मोठ्या संख्येने तुटतात. या काळात द्रव्याची दृढता (आकार बदलण्यास होणारा विरोध) प्रथम झपाट्याने, नंतर दीर्घकाळ संथपणे व शेवटी पुन्हा वेगाने घटते.

पवनचक्कीचे पाते हे याचे ठळक उदाहरण होय. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभारलेल्या आहेत. वाऱ्याच्या दाबाने पाते वाकते. शिवाय स्वतःच्या वजनामुळे प्रत्येक फेऱ्यात त्याच्या कडांवर आळीपाळीने ताण व दाब येतो. मिनिटास 20 फेरे घेणारे पाते 20 वर्षे अखंड फिरल्यास सुमारे 21 कोटी फेरे होतात. पात्याच्या मुळाशी, चिकटविलेल्या सांध्यांत आणि निर्मितीच्या वेळी तंतूंना सुरकुत्या पडल्या असतील तेथे हानी लवकर सुरू होते. कार्बन तंतू काचतंतूंपेक्षा अधिक श्रांतिरोधी, पण महाग असतात.

पामग्रेन (1924) व माइनर (1945) यांच्या नियमात निरनिराळ्या भारांनी झालेल्या हानीची केवळ बेरीज केली जाते. संमिश्र द्रव्यांत भारांचा क्रमही महत्त्वाचा असल्याने या नियमाने काढलेले आयुष्य चुकू शकते. म्हणून नव्या अभिकल्पाच्या पूर्ण पात्याची श्रांतिचाचणी घेतात.

पवनचक्कीचा अभिकल्प सामान्यतः किमान 20 वर्षांसाठी करतात. ही मुदत संपलेले पाते वापरात ठेवावे की नाही, हे वरवर पाहून ठरविता येत नाही. पृष्ठलेपावरील प्रत्येक भेग घातक नसते. उलट, पृष्ठभाग अखंड दिसत असताना आतील थर सुटलेले असू शकतात. त्यामुळे पात्यावर ठोकून आवाजातील फरक ऐकणे, श्राव्यातीत तरंगांनी तपासणी करणे व दृढतेतील घट मोजणे आवश्यक ठरते.