भिंतीतील तारांची शिस्त

१८८२ साली मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले होते. आज संगणक कक्षात येणाऱ्या केबलमध्ये अशाच पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. शेजारच्या विजेच्या तारेचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांना सारखाच पोहोचतो. संदेश घेणारे यंत्र मात्र त्या दोहोंतील फरकच वाचते. त्यामुळे उपद्रव वजा होतो आणि संदेश शुद्ध उरतो.

पूर्वी दूरध्वनीची तार वेगळी, संगणकाची वेगळी, आणि यंत्र बदलले की भिंत पुन्हा फोडावयाची, अशी रीत होती. १९९१ मध्ये अमेरिकेत यासंबंधीचे मानक प्रसिद्ध झाले व संरचित केबलिंगची पद्धत रूढ होत गेली. तिचे सूत्र सोपे आहे. मजल्यावरील एका कपाटातून प्रत्येक खोलीतील सॉकेटपर्यंत स्वतंत्र, अखंड केबल न्यावी. त्या सॉकेटवर दूरध्वनी चालवावयाचा की संगणक, हे कपाटातील पॅनेलवर एक छोटी तार बदलून ठरते. भिंतीला हात लावावा लागत नाही. भिंतीतील केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या जोडतारा मिळून १० मीटर, अशी एकूण १०० मीटरची मर्यादा असते.

आपल्या खानदेशात याहून एक पथ्य अधिक पाळावे लागते. मे महिन्यात सावदा परिसरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो आणि संदेश क्षीण होतो. मानकातील अंतर २० अंश तापमान धरून ठरविलेले आहे; म्हणून उष्ण जागेतील केबल सुमारे दहा टक्के आखूडच धरावी. पत्र्याखाली तापमान याहूनही चढते. तेथून ती नेऊच नये.

आमच्या नोकरीच्या आरंभीच्या एका शाळेत खिडकीतून लोंबत आलेली केबल उंदरांनी कुरतडली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. कोणती तार कोठे जाते, हे कोणासही ठाऊक नव्हते. मुलांना घेऊन आम्ही रात्री उशिरापर्यंत गावातील संगणक केंद्राच्या दारात उभे होतो. दोन मुलांचे अर्ज राहून गेले. दोष कोणा एकाचा नव्हता; नियोजनच नव्हते.

म्हणून नवी खोली बांधताना गिलाव्यापूर्वीच नळ्या टाकून घ्याव्यात, त्या विजेच्या नळ्यांपासून दूर ठेवाव्यात, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक द्यावा आणि नकाशा कार्यालयात जपावा. मुख्य म्हणजे मुख्याध्यापकांच्या दालनाइतकेच सॉकेट वसतिगृहातील अभ्यासिकेतही असावे. सुट्टीतही जिला घरी संगणक नाही, त्या मुलीसाठी ज्ञानाचा तोच एक दरवाजा असतो.