शंभर आजारी अळ्या आणि टनभर बटाटा

बटाट्याच्या डोळ्याशी काळपट विष्ठेचा चुरा दिसला, की आत अळी आहे असे खुशाल समजावे. बटाट्यावरची पाकोळी अंडी घालते ती बहुधा डोळ्यांच्या खोबणीतच. अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. त्यातून निघालेली अळी साल भेदून आत शिरते आणि गर पोखरत जाते. मागोमाग कूज येतेच. ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेची. आपल्याकडे ती १९०६च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरली, असे मानतात. खेड-मंचरकडच्या बटाटा साठवण्याच्या अरणींना तिचा त्रास जुना आहे.

पण या अळीलाही जडणारा एक आजार आहे. तो आणणाऱ्या विषाणूला ग्रॅन्युलोव्हायरस म्हणतात. त्याचा कण प्रथिनाच्या घट्ट कवचात बंद असतो आणि हे कवच मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढे, किंवा त्याहूनही लहान. आपल्या जठरात आम्ल असते. अळीच्या मधल्या आतड्यात त्याच्या उलट, कडक अल्कली. त्या अल्कलीत कवच विरघळते आणि विषाणू मोकळा होतो. आतड्यातून तो चरबीच्या पेशी गाठतो आणि तिथे बेसुमार वाढतो. अळी दुधासारखी पांढरी पडते, सुस्तावते आणि बहुधा कोषात जाण्याआधीच मरते. माणसाला मात्र तो काहीच करत नाही. या पाकोळीच्या भाऊबंदांपलीकडे त्याची मजल जात नाही.

पेरूतल्या लिमा शहरी आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. त्याने बसवलेली कृती घरगुती मसाल्याइतकी साधी आहे. वीस आजारी अळ्या पाण्यात वाटायच्या, ते पाणी किलोभर शंखजिऱ्यात कालवायचे आणि वाळवायचे. अशी पाच किलो भुकटी एक टन बटाट्याला चोळली की झाले. म्हणजे टनामागे अळ्या शंभर! त्याही विकत आणायला नकोत; विषाणूचा कारखाना म्हणजे ही कीडच.

या विषाणूचा वैरी म्हणजे ऊन. अतिनील किरणांत तो लवकर निकामी होतो. हरभऱ्यावर घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हा असाच विषाणू फवारणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून तर ती फवारणी संध्याकाळी करतात आणि पाण्यात कपड्यांची नीळ घालतात. बटाट्याच्या कोठारात ऊन नसतेच. शेतात जी उणीव, ती इथे आड येत नाही, आणि माझ्या मते या उपायाची खरी जागा शेत नसून कोठारच आहे.

मात्र अळी आधीच गरात शिरली असेल, तर भुकटी तिच्यापर्यंत पोचत नाही. डोळ्याशी चुरा दिसणारे बटाटे आधी वेचून बाजूला काढावेत. भुकटी चोळायची ती उरलेल्यांना.