मांजराचा आजार घरातल्या इतर जनावरांना लागतो का?

घरातले मांजर आजारी पडले की मंडळी माणसांच्या डॉक्टरलाही विचारतात, "डॉक्टर, हे आमच्या कुत्र्याला लागेल का? दारच्या शेळीला?" याचे उत्तर विषाणू कोणता, यावर अवलंबून आहे.

विषाणूचे काम कुलूप-किल्लीसारखे असते. ज्या प्राण्याच्या पेशीला त्याची किल्ली बसते, त्याच्याच शरीरात तो शिरतो. मांजरांना शिंका आणणारा व डोळे चिकटवणारा हर्पीस विषाणू मांजरवर्गातच राहतो. माणसाच्या एड्सच्या विषाणूशी नाते सांगणारा एफआयव्हीही कुत्र्याला किंवा माणसाला होत नाही. तेव्हा मांजर शिंकले म्हणून घाबरू नये.

पार्व्हो विषाणूची गोष्ट थोडी निराळी. त्याने मांजराच्या पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब होतात. १९७८ मध्ये कुत्र्यांत पार्व्होची जगभर साथ पसरली. तो विषाणू मांजराच्या पार्व्होचा जवळचा नातलग होता आणि त्याचे पुढचे प्रकार मांजरांनाही बाधू लागले. हा विषाणू चिवट असतो, जमिनीवर व भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून आजारी जनावर आणि त्याची भांडी वेगळी ठेवावीत. कुत्रा-मांजर दोघांनाही आपापली लस द्यावी.

खरी भीती रेबीजची. हा विषाणू सस्तन प्राण्यांत भेद करत नाही. पिसाळलेले मांजर कुत्र्याला, गाईला, शेळीला आणि माणसालाही रेबीज देऊ शकते. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. तरीही 'मांजरच तर चावलंय' म्हणून पुष्कळजण हळद लावून घरी बसतात.

असे करू नका. मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजर जगते की मरते, याची वाट पाहत लस लांबवू नका. खोल जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पोटात इंजेक्शने घ्यावी लागतील, ही धास्ती मनातून काढा. ती जुनी लस बनवणे आपल्या देशात २००४ मध्येच थांबले. आता सुई दंडावर टोचतात. मांजर दुसऱ्या जनावराला चावले असेल, तर त्यालाही लगेच पशुवैद्यकाकडे न्या.

आणि कुत्र्याला रेबीजची लस टोचायला न्याल, तेव्हा मांजरालाही पिशवीत घालून सोबत न्या.