पंपावर डिझेल भरताना : माप कसे होते आणि आपण काय पाहावे



वाफसा आला की सगळ्या गावाची गडबड एकदमच उडते. ट्रॅक्टर पंपावर रांगेत लागतात. आपण "हजाराचं टाक" म्हणतो, पैसे देतो आणि निघतो. बियाणे घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, खताचे पोते काट्यावर ठेवतो. पण हंगामात हजारो रुपयांचे डिझेल घेताना मीटरकडे नीट बघतही नाही. पंप आतून कसा चालतो हे एकदा समजले, की डोळा कुठे ठेवायचा ते कळते आणि उगाच संशय कुठे घ्यायचा नाही तेही कळते.

जमिनीखालून नोझलपर्यंत

डिझेल आणि पेट्रोल यांच्या टाक्या जमिनीखाली पुरलेल्या असतात. तिथून तेल वर आणायच्या दोन पद्धती आहेत. एकात ओढणारा पंप आपल्यासमोरच्या यंत्रातच असतो. तो विहिरीच्या काठावरच्या मोटरीसारखा तेल ओढून घेतो. दुसऱ्यात पंप खाली टाकीतच बुडालेला असतो, आपल्या बोअरमधल्या सबमर्सिबलसारखा. तो तेल वर ढकलतो.

वर आलेले तेल आधी गाळणीतून जाते. ओढणाऱ्या पंपाच्या यंत्रात हवा वेगळी करणारी एक कोठीही असते. ती महत्त्वाची आहे, कारण तेलाबरोबर हवा गेली तर मीटर हवाही मोजेल आणि पैसे मात्र डिझेलचे लागतील.

माप कसे होते

आता बघा, डेअरीवर दूध मापाने घालतात तेव्हा माप भरते, रिकामे होते, पुन्हा भरते. पंपाचे मीटर तेच काम करते. आत छोटे दट्ट्ये असतात. तेलाच्या जोराने ते सरकतात आणि दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे सोडतात. किती फेरे झाले ते यंत्र मोजते, त्यावरून लिटर दाखवते आणि दराने गुणून रुपये दाखवते. म्हणजे मूळ मोजणी लिटरची असते, रुपयांची नाही.

मीटरनंतरची नळी नेहमी तेलाने भरलेलीच असते. त्यामुळे जेवढे तेल मीटरमधून गेले तेवढेच नोझलमधून बाहेर पडते. नळी उचलून झटकल्याने जास्तीचे काही मिळत नाही. नोझलच्या तोंडातले थेंब मात्र उतरू द्यावेत, ते आपलेच आहेत.

नोझल आपोआप का बंद पडते

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. तेल जोरात वाहताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकी भरून तेल भोकापर्यंत आले की हवा तुटते. आत ओढ निर्माण होऊन पडदा सरकतो आणि खटका सुटतो. यात वीज नाही, नुसता हवेचा खेळ आहे. डिझेलला फेस येतो, म्हणून कधीकधी टाकी पुरती भरण्याआधीच खटका पडतो. अशा वेळी फेस बसू द्या आणि सावकाश भरा.

पण खटका पडल्यावर गळ्यापर्यंत कोंबून भरू नका. उन्हाने तेल फुगते. ५० लिटर डिझेल १० अंशांनी तापले तर सुमारे ४०० मिलिलिटर वाढते. जागा नसेल तर ते झाकणातून बाहेर येते. पैसे जातात आणि आगीचा धोका उभा राहतो.

तीन गैरसमज

पहिला : १०० ऐवजी ११० रुपयांचे भरले तर माप बरोबर मिळते. तसे काही नाही. मोजणी लिटरची असल्याने रक्कम गोल असो वा मोडकी, मीटर तेच राहते.

दुसरा : भल्या पहाटे भरले तर गारव्यामुळे जास्त तेल मिळते. टाकी जमिनीखाली असते. दिवसभरात तिथले तापमान फारसे हलत नाही, त्यामुळे हा फायदा नावापुरताच.

तिसरा : नोझल हळू सोडले तर जास्त तेल पडते. दट्ट्या हळू सरको की जोरात, दर फेऱ्याला माप तेवढेच.

खरे लक्ष कुठे ठेवायचे? भरायला सुरुवात होण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, हे खाली उतरून स्वतः बघा. आधीच्या गिऱ्हाईकाचा आकडा तसाच राहिला तर नुकसान आपले. दर बरोबर आहे ना तेही पाहा. भरून झाले की लिटर आणि रुपये दोन्ही वाचा आणि पावती मागून घ्या.

तपासणी हा आपला हक्क आहे

पंपाच्या मीटरची वैध मापन खात्याकडून दर १२ महिन्यांनी पडताळणी होऊन त्याला सील लागते. प्रत्येक पंपावर ५ लिटरचे शिक्क्याचे माप ठेवलेले असते. शंका आली तर शांतपणे सांगा, "पाच लिटरचं माप लावून दाखवा." ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरले तर तक्रार करा. हिशेब करून पाहा : ५० लिटरला एवढा फरक पाव लिटर होतो. त्याच्या पुढचा फरक म्हणजे हंगामभरात मोठी रक्कम.

शुद्धतेचीही तपासणी मागता येते. पेट्रोलसाठी गाळणकागद असतो. त्यावर एक थेंब टाकला की तो दोनेक मिनिटांत उडून जायला हवा, डाग राहता कामा नये. डिझेल असे उडत नाही, म्हणून त्याची घनता बघतात. पंपावर त्या दिवसाची घनता नोंदवलेली असते. ती टँकरबरोबर आलेल्या नोंदीशी जुळली पाहिजे. घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर विचारणा करा.

तक्रारवही पंपावरच मिळते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयातही तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पावती जवळ असेल तर तक्रारीला वजन येते.

पाणी हा खरा वैरी

मापात थोडे कमी आले तर पैसे जातात, पण टाकीत पाणी गेले तर पेरणीच जाते. डिझेलच इंजेक्शन पंपाला वंगण देते. त्याच्या जागी पाणी आले की आतले बारीक भाग गंजतात आणि झिजतात. दुरुस्तीचा खर्च मोठा आणि ट्रॅक्टर ऐन हंगामात उभा.

हे पाणी बऱ्याचदा आपल्याच टाकीत तयार होते. टाकी अर्धी रिकामी ठेवली, की रात्री गारव्याने आतल्या हवेतले बाष्प पत्र्यावर धरते आणि थेंब होऊन खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते. त्यासाठी काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. फिल्टरखालचा वाटीसारखा भाग रोज सकाळी पाहावा आणि साठलेले पाणी काढून टाकावे.

पेट्रोलच्या गाडीलाही हे लागू आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्या उसाचेच. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि गाडी चालू होत नाही. म्हणून टाकीचे झाकण घट्ट ठेवा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका.

डिझेल संपून ट्रॅक्टरने एअर घेतली तर आधी टाकी भरा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करा. हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या, मग स्क्रू आवळा. नव्या कॉमन रेल इंजिनात दाब फार जबर असतो. तिथे स्वतः काही ढिले करू नका, जाणकार मेकॅनिकला बोलवा.

कॅनमधून नेताना

कॅन ट्रॉलीत किंवा गाडीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवून भरा. वाहत्या तेलाने विजेचा भार तयार होतो आणि ठिणगी पडू शकते. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही घेऊ नये. नळी तोंडाने ओढून तेल काढू नका. ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल पडले तर इंजिन चालू करू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. इंजिन बंद करा, विडी-काडी दूर ठेवा.
२. खाली उतरून शून्य आणि दर पाहा.
३. खटका पडल्यावर कोंबून भरू नका.
४. लिटर आणि रुपये वाचून पावती घ्या.
५. शंका असेल तर ५ लिटरचे माप मागा.
६. संध्याकाळी टाकी भरा, सकाळी फिल्टरमधले पाणी काढा.

ही चिठ्ठी ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलालाही वाचून दाखवा, बरं का. पंपावर बहुतेक वेळा तोच जातो.