बिअरला दवाखान्याचा वास का येतो? पाव गोळी सल्फाइटचं गणित

या भागाचा विषय छोटा आहे, पण घरी बिअर करणाऱ्या बऱ्याच जणांचं डोकं याच ठिकाणी फिरतं. माल्ट चांगलं, यीस्ट ताजं, भांडी लख्ख, आणि तरी तीन आठवड्यांनी बाटली उघडली की बँड-एडच्या पट्टीसारखा वास. असं झालं तर आधी पाण्याकडे बघा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. मी अमेरिकेत, बे एरियात राहतो. इथे १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी स्वतःपुरती बिअर करता येते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या मंडळींनी हे फक्त माहिती म्हणून ऐका.

वास कुठून येतो?

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन अधिक अमोनिया. माल्टमध्ये आणि यीस्टच्या कामातून फिनॉल जातीची द्रव्यं येतात. क्लोरीन त्यांना जाऊन चिकटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं. डेटॉलचा वास आठवतोय? त्यातलं मुख्य औषध क्लोरोझायलेनॉल हे याच कुटुंबातलं. आपल्या नाकाला क्लोरोफिनॉल अब्जात काही भाग एवढं असलं तरी कळतं, आणि एकदा बिअरमध्ये तयार झालं की काढता येत नाही. म्हणजे पाच तासांची मेहनत आणि वीस लिटर बिअर थेट सिंकमध्ये.

"पाणी उकळतोच की!"

हो, पण माल्ट त्याच्या आधीच पाण्यात भिजतं. शिवाय साधं क्लोरीन रात्रभर उघडं ठेवून किंवा उकळून उडतं, क्लोरामाइन मात्र चिवट असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ पासून क्लोरामाइन आहे. वॉशिंग्टन डीसीत वर्षभर क्लोरामाइन असतं आणि वसंत ऋतूत काही आठवडे साधं क्लोरीन सोडतात. कार्बन फिल्टर चालतो, पण क्लोरामाइनसाठी पाण्याची धार अगदी बारीक ठेवावी लागते.

सल्फाइटचा फायदा हा की तुमच्या नळाला दोन्हीपैकी काय येतंय याने फरक पडत नाही. कॅम्डेन गोळी म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्डेन गावात १९२० च्या दशकात फळं टिकवण्यासाठी ही पद्धत निघाली, तेच नाव गोळीला चिकटलं.

आता गणित

इंजिनिअर माणूस, आकडे लागतातच. १ मिलिग्रॅम क्लोरीन संपवायला साधारण १.३४ मिलिग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं. पाण्यात ३ पीपीएम क्लोरीन धरलं (अमेरिकेतली मर्यादा ४ आहे), तर २० लिटरमध्ये ६० मिलिग्रॅम. म्हणजे लागणार ८० मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण ४४० मिलिग्रॅम असतं, तर पाव गोळीत ११०. काम होऊन थोडं शिल्लक राहतं, बास.

मग पाण्यात उरतं काय? क्लोरीनचं होतं क्लोराइड, सल्फाइटचं होतं सल्फेट. सल्फेट वाढतं फक्त ४ पीपीएमच्या आसपास, चवीला कळणारही नाही. न वापरलेला सल्फर डायऑक्साइड साधारण १ पीपीएम उरतो आणि उकळताना त्यातला बराचसा उडून जातो. यीस्टला त्रास नाही.

करायचं कसं

सगळं पाणी एका भांड्यात घ्या. त्यात माल्ट धुवायचं पाणीसुद्धा आलं, ते विसरू नका. पाव गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडा, वाटीभर पाण्यात विरघळवा, मोठ्या भांड्यात ओता आणि ढवळा. दोन-चार मिनिटांत काम झालं. त्यानंतरच माल्ट घाला. गोळ्यांची बाटली कोरड्या जागी ठेवा, ओलाव्याने त्यांचा जोर जातो.

इथे जपा

वाइनच्या कृतीत "एका गॅलनला एक गोळी" असं लिहिलेलं असतं. ते प्रमाण फळांच्या रसातले जंतू दाबण्यासाठी आहे, आपल्या मापाच्या वीसपट. त्यात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या आसपास जातो. अमेरिकेत १० पीपीएम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असलं की लेबलवर लिहावं लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना त्याने जोराचा झटका येऊ शकतो. पाव गोळीत आपण त्या रेषेच्या बरेच खाली आहोत, पण तरीही घरी आलेल्या कोणाला दमा किंवा सल्फाइटचा त्रास असेल तर ग्लास हातात देण्याआधी सांगा. स्वतःला दमा असेल तर गोळी चुरडायचं काम दुसऱ्याकडे द्या, ती पूड हुंगायची गोष्ट नाही.

आणि हो, सल्फाइट आणि सल्फेट यांत घोळ करू नका. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते चवीसाठी असतं, क्लोरीनला हातही लावत नाही. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत काळजी घ्या!