कायदा मंजूर, मतं नामंजूर

अटीतटीचं विधेयक मंजूर झालं की पुण्यात दुसऱ्या दिवशी चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागतात. फलकावर कुणाचा चेहरा केवढा, हे बहुधा येत्या तिकिटाच्या आशेवर ठरतं. या सगळ्यामागे एक हिशेब गृहीत धरलेला असतो : कायदा आणणाऱ्याचे उपकार लोक मतांनी फेडतात. पुण्याचा इतिहास पाहिला तर हा हिशेब क्वचितच जुळतो.

गैरसमज : लढून मिळवलेल्या विजयाचं श्रेय लढणाऱ्यालाच मिळतं.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात, मुंबईसह मराठी राज्याच्या मागणीसाठी, संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत पुणेकरांनी एसेम यांना विधानसभेवर आणि नानासाहेब गोऱ्यांना लोकसभेवर पाठवलं. गोऱ्यांनी हरवलं कुणाला, तर काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांना. मुंबईसह महाराष्ट्रासाठी लोकसभेत स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला सुनावणारे हे काकासाहेब; पण लोकांनी भाषण विसरून निशाणी पाहिली. तिकडे कऱ्हाडात काँग्रेसचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण जेमतेम निवडून आले. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची तर आपण नेहरूंबरोबर, असं ते बोलून बसले होते आणि ते कुणी विसरलं नव्हतं.

एप्रिल १९६० मध्ये संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं. त्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले होते. नव्या राज्याचा मंगल कलश मात्र लोकांच्या स्मरणात राहिला तो यशवंतरावांच्या हातातला. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पुण्याची लोकसभेची जागाही गोऱ्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाकडून काँग्रेसच्या शंकरराव मोऱ्यांकडे गेली. ही निवडणूक झाली तेव्हा पानशेतचं धरण फुटून, म्हणजे १२ जुलै १९६१ पासून, वर्षही उलटलं नव्हतं. पुराचा फटका बसलेलं शहर अजून घरांची डागडुजी करत होतं, तरी सत्ताधारी पक्ष निवडून आला!

याला लोकांचा कृतघ्नपणा म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि दलित चळवळीतले कार्यकर्ते यांना एकत्र ठेवणारी मागणी एकच होती. ती पूर्ण झाली आणि एकत्र राहण्याचं कारणच संपलं. समिती फुटली. यशवंतरावांच्या हाती मात्र कामाला लावता येईल असं राज्य आलं होतं : १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, सहकारी साखर कारखाने, गावोगावचं कार्यकर्त्यांचं जाळं. दिल्लीचं मन वळवण्यातलं त्यांचं कौशल्यही नाकारण्याचं कारण नाही. तरी माझ्या मते निकाल ठरला तो एका साध्या गोष्टीने. मिळालेल्या गोष्टीसाठी मत मागता येत नाही. पुढे काय देणार ते सांगावं लागतं, आणि ते सांगण्याची सोय सत्तेत बसलेल्याकडे जास्त असते.

गैरसमज : सभागृहात एकमत झालं, म्हणजे लोकांचीही मनं जिंकली.

मराठा आरक्षणाइतकं एकमत विधिमंडळात फार थोड्या विषयांवर दिसलं. निकाल मात्र दर वेळी वेगळे. जुलै २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाण सरकारने १६ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस ४२ वर आणि राष्ट्रवादी ४१ वर आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये फडणवीस सरकारने कायदा केला. पुढच्या मे महिन्यात भाजप-शिवसेना युतीने लोकसभेच्या ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. पण ऑक्टोबरच्या विधानसभेत भाजप १२२ वरून १०५ वर आला आणि पुणे शहरात आठपैकी हडपसर व वडगाव शेरी या दोन जागा गमावून बसला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी शिंदे सरकारने १० टक्क्यांचं विधेयक मंजूर करून घेतलं. त्यानंतर महायुतीला लोकसभेत १७ जागा मिळाल्या आणि त्याच नोव्हेंबरात विधानसभेत २३०. कायदा तोच, जागांचा आकडा मात्र सहा महिन्यांत कुठल्या कुठे. म्हणजे पराभवाचं खापर कायद्यावर फोडता येत नाही, तसंच विजयाचं श्रेयही त्याला देता येत नाही. मधल्या काळात लोकांच्या मनात आणखी दहा गोष्टी असतात, आणि कायदा न्यायालयात टिकेल का ही शंकाही असते. २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केलाच.

अमेरिकेतही हेच दिसतं. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मार्च २०१० मध्ये आरोग्यविमा कायद्यावर सही केली आणि त्याच नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गमावल्या. जॉन्सन मात्र १९६४ चा नागरी हक्क कायदा करूनही चार महिन्यांनी प्रचंड मतांनी जिंकले. पण दक्षिणेतली पाच राज्यं हातची गेली.

गैरसमज : कायद्याच्या लढाईत हरलेला नेता लोकांतही हरतो.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. मुलींच्या संमतीचं वय १० वरून १२ करायला टिळकांनी विरोध केला; परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हे त्यांचं म्हणणं. रानडे, आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला. कायदा झाला, टिळक हरले. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडे गेली. त्याच वर्षी टिळक मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. मतदार अर्थात मूठभर होते. वर्षअखेरीस पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा काँग्रेसच्या मंडपात सुधारकांची सामाजिक परिषद भरवू नये म्हणून इतका गदारोळ उठला की रानड्यांनी ती दुसरीकडे घेतली. याला एकटा संमतिवयाचा कायदा कारण नव्हता. पण कायद्याच्या बाजूची माणसं शहरात एकटी पडली होती, एवढं खरं. १२ व्या वर्षाची मर्यादा मात्र कुणी मागे घेतली नाही, आणि १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं.